माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांची नोंद: औसा तालुक्यातल्या एका गावठाणाच्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४

कामाची हद्द ठरली. गावकुसाच्या आतलं सगळं जुनं गावठाण आणि कुसाबाहेरच्या वस्त्याही घ्यायच्या. गढी आणि दोन-तीन मोठे वाडे यांचे फोटो सगळेच काढतात. दोन खणांचं घर मात्र पडलं की त्याचा कागदही राहत नाही, म्हणून मोजणी लहान घरांपासून सुरू करायची.

प्रत्येक घराच्या पत्रकात वर्षासाठी एक रकाना न ठेवता पाच ठेवले आहेत: जोतं, भिंत, लाकूडकाम, छत, कागद. "घर किती जुनं?" असं विचारलं की मालक आजोबांचं नाव सांगतात, आणि ते खोटंही नसतं. पण आजोबांनी बांधलेल्या भिंतीवर पणजोबांच्या पडलेल्या घराची तुळई असते, तिच्यावर १९९५ चा पत्रा असतो आणि खाली जोतं त्याहून कितीतरी जुनं. एकच वर्ष लिहिलं तर यातल्या तीन गोष्टी चुकीच्या ठरतात.

मालकांची नावं पत्रकात घालायची नाहीत. घराला फक्त क्रमांक. खोल्यांना घरातली माणसं जे म्हणतात तेच नाव: ढाळज, ओसरी, माजघर, देवघर, परसू. नकाशावर "बेडरूम" लिहिलं की ती खोली कशासाठी होती ते कायमचं पुसलं जातं.

२३ नोव्हेंबर २०२४

मोजणीची पद्धत पक्की केली. तीस मीटरचा टेप भिंतीच्या एका कोपऱ्यात शून्यावर धरायचा आणि दार, कोनाडा, खांब, खिडकी यांची मापं टेप न हलवता एका ओळीत घ्यायची. तुकड्या-तुकड्यांनी मोजून बेरीज केली की दहा मीटरमागे चार-पाच सेंटीमीटरचा घोळ हमखास होतो. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचे, कारण काटकोनात असलेली खोली या गावात शोधावी लागते. उंचीसाठी पाण्याच्या नळीने सगळ्या घरभर एकच पातळी खडूने आखायची. जमीन सारवून-सारवून वर आलेली असते, तिच्यावरून उंची धरता येत नाही. नकाशा १:५० प्रमाणात.

भिंतीची जाडी प्रत्येक दारात आणि खिडकीत वेगळी घ्यायची. याचा लगेच उपयोग झाला. घर क्र. ४ ची बाहेरून लांबी १२.४० मीटर. आतल्या दोन खोल्या ४.१० आणि ४.३०, बाहेरच्या दोन भिंती प्रत्येकी ०.८५, मधली ०.८०. बेरीज १०.९० भरते. दीड मीटर कुठे गेला? माजघराच्या टोकाला, दार नसलेलं बळद, म्हणजे धान्य साठवायची बंद जागा. तोंड वर माळवदातून होतं, ते पत्रा घालताना बंद झालं. घरातल्या तरुणांना ते माहीत नव्हतं. आजींना माहीत होतं, आणि त्यात ज्वारी साठवत होते हेही.

७ डिसेंबर २०२४

भिंती. सगळीकडे काळा दगड आणि माती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये लहान दगड आणि मातीची भर. जाडी ६० सेंटीमीटरपासून गढीजवळ सव्वा मीटरपर्यंत. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज गावात अजून घट्ट आहे. खरी अडचण जाडीत नसून दोन थर एकमेकांना बांधलेले नसण्यात आहे. आरपार जाणारा बांधीव दगड जवळपास कुठेच नाही. मधल्या भरावात पाणी गेलं की माती बसते, बाहेरच्या थरावर दाब येतो आणि भिंतीला पोट सुटतं. ओळंबा सोडून दर अर्ध्या मीटरला अंतर घ्यायचं. पोट पाच सेंटीमीटरच्या वर असेल तर पत्रकावर लाल खूण, आणि त्या भिंतीच्या बाजूला शिडी लावायची नाही.

भिंत कधीची आहे ते दगडापेक्षा सांध्यावरून कळतं. घर क्र. ९ मध्ये ओसरीची भिंत माजघराच्या भिंतीला नुसती टेकली आहे, दगड एकमेकांत गुंतलेले नाहीत. वरपासून खालपर्यंत उभी सरळ फट दिसते. म्हणजे ओसरी नंतरची. त्याच फटीत चुन्याचे तीन पापुद्रे आहेत, म्हणजे माजघराची ही बाजू एकेकाळी बाहेरची, रंगवलेली भिंत होती. अशा ठिकाणी ब्लेडने दोन-दोन सेंटीमीटरच्या पायऱ्या करून पापुद्रे मोजायचे आणि प्रत्येक पायरीचा रंग लिहायचा. सगळ्यात खाली बहुतेक पोतेरा (पातळ मातीचा हात) असतो, त्यावर चुना, मग नीळ घातलेला चुना, गेरू, आणि शेवटी ऑइलपेंट.

घडीव दगड फक्त दारापुढच्या जोत्याला आणि कोपऱ्यांना. चुन्यातलं बांधकाम गढीचा दरवाजा आणि एका वाड्याचा दर्शनी भाग एवढंच. चुना मळायची घाणी आता नाही, पण तिचं दगडी चाक पाराजवळ पडून आहे. त्याचा व्यास आणि मधल्या भोकाचं माप घेतलं. त्याच्यावर लोक बसले तरी चालेल, पण ते हलवू नये, असं ग्रामपंचायतीला लेखी कळवलं आहे.

२१ डिसेंबर २०२४

कागद. हे गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, मग हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद (आताचं धाराशिव), मग लातूर. त्यामुळे एकाच घराचे कागद तीन राज्यांच्या आणि दोन जिल्ह्यांच्या नावांनी निघतात. लातूरच्या दप्तरात शोधून "काही नाही" म्हणणाऱ्यांनी आधी धाराशिवला विचारावं. शेजारचा निलंगा तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, तिथल्या सोयऱ्यांकडून आलेल्या घराचा माग तिकडे जातो. फार जुन्या कागदावर "जिल्हा नळदुर्ग" दिसलं तर दचकू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जिल्ह्याचं ठाणं तिथे होतं.

संस्थानी कागद उर्दूत, घरगुती करार आणि खरेदीखतं मोडीत. वर्ष बहुधा फसली, म्हणजे महसुली. या भागात फसली वर्ष आजुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. इसवी सन काढायला आजुर, दय आणि बहमनचा बहुतेक भाग यांना ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांना ५९१. फसली १३३८ चा आजुर म्हणजे १९२८ चा ऑक्टोबर. त्याच वर्षाचा खुर्दाद मात्र १९२९ मधला एप्रिल. पुण्याकडच्या कागदांतली फसली मृगापासून सुरू होते, तो हिशेब इथे लावला की वर्ष पुढेमागे होतं. शक दिला असेल तर ७८ मिळवावेत, आणि पौषापासून फाल्गुनापर्यंतची मिती असेल तर वर्ष बहुधा ७९ ने जुळतं.

खरेदीखतात चौरस फूट नसतात. "पाच खणांचं माळवद, पूर्वेस अमका, पश्चिमेस रस्ता" एवढंच. खण म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधली जागा. फुटात त्याचं ठराविक माप नाही; या गावात तो १.५ ते १.९ मीटर भरतो आहे. म्हणून खताची लांबी-रुंदी काढत बसू नये, उभ्या घरातले खण मोजावेत. घर क्र. ९ च्या खतात पाच खण आहेत, उभे आहेत सात. वर सांगितलेली टेकलेली ओसरी दोन खणांची. खत फसली १३३८ चं, म्हणजे ओसरी त्यानंतरची. भिंतीने आणि कागदाने एकच गोष्ट सांगितली तर ती पत्रकात ठळक लिहायची.

चतुःसीमेतली नावं पिढीगणिक बदलतात. एका घराचा पूर्वेकडचा शेजारी म्हणजे दुसऱ्या खतातला मालक, अशी साखळी लावत गेलं की सगळी आळी जुळते. आतापर्यंत सुतार गल्लीची एक बाजू सलग लागली आहे.

११ जानेवारी २०२५

लाकूड. साधारण घरात बाभूळ आणि कडुलिंब, क्वचित आंबा. साग फक्त वाड्यांत. खांबाखाली दगडी तळखडा, वर हस्त (तुळई पेलणारा लाकडाचा तुकडा), त्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या. वाड्यात कड्यांवर फळ्यांचा कडीपाट. बाकी घरांत किलच, म्हणजे चिरलेल्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या.

पाहायच्या खुणा तीन. एक, वाकसाचे (सुताराच्या तासायच्या हत्याराचे) घाव: उथळ, एकाआड एक, हाताला लागतात. असा पृष्ठभाग हाताने तासलेला. करवतीच्या खुणा तिरप्या आणि कमी-जास्त अंतरावर असतील तर हातकरवत, एकसारख्या वक्र असतील तर गिरणीत कापलेलं लाकूड. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला आली, त्यानंतर कापीव साग, लोखंडी गर्डर आणि पत्रे खेड्यात पोचणं सोपं झालं. दोन, रिकाम्या खाचा. तुळईत कुसू (खांबाचं निमुळतं टोक) बसवायची खाच आहे पण खाली खांब नाही, तर ती तुळई दुसऱ्या घरातून आलेली. या गावात अशा तुळया जागोजाग आहेत. तीन, काजळी. परसवाच्या बाजूच्या खोलीत कड्या काळ्याभोर असतील तर चूल तिथे होती, आज तिथे फ्रीज असला तरी.

गर्डरवर टाटाचा शिक्का असेल तर तो १९१२ च्या आधीचा नाही, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हापासून निघू लागलं. यावरून "याच्या आधीचं नाही" एवढंच सिद्ध होतं. जुना गर्डर पन्नास वर्षांनीही बसवला जातो.

दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी असेल तर घर जुनं, हा निकष आम्ही वापरत नाही. चौकट ही घरातली सगळ्यात फिरती वस्तू. बहात्तरच्या दुष्काळात लाकूड विकलं गेलं, १९९३ च्या भूकंपानंतर तर वाड्यांचे खांब आणि चौकटी ट्रकने शहरात गेल्या. चौकट भिंतीत मूळची असेल तर तिच्या वरचे दगड तिच्या मापाने बसलेले दिसतात. नंतर घातलेली असेल तर बाजूला विटांचे तुकडे आणि चिखल भरलेला असतो.

१ फेब्रुवारी २०२५

छत. या गावाच्या घरांचा इतिहास निम्मा डोक्यावर आहे, म्हणून याला वेळ दिला.

घर क्र. ११ चा मागचा कोपरा आधीच कुजून उघडा पडला होता. तिथे ३० × ३० सेंटीमीटरचा छेद सरळ कापून घेतला. चांगल्या छताला भोक पाडायचं नाही. खालून वर: किलच ३ सेंटीमीटर, तुराट्या आणि तरवडाचा पाला ४, भुसा घालून मळलेल्या चिखलाचा थर ८, आणि त्यावर ३७ सेंटीमीटर पांढरी माती. एकूण ५२.

ही ३७ सेंटीमीटर एकदम टाकलेली नाहीत. छेदाला पाणी शिंपडून तासभर थांबलं की थर उमटतात, प्रत्येक दोन-तीन सेंटीमीटरचा, मध्ये वाहून आलेल्या बारीक मातीची रेघ. मृगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी टाकायची, पसरायची, पहिल्या सरीत तुडवून बसवायची, ही दरवर्षाची रीत. पांढरी भिजली की फुगून चिरा मिटवते, म्हणून ती टिकते. पण जुनी माती कोणी काढत नाही. थर मोजून वर्षं काढता येत नाहीत, कारण दुष्काळात आणि घरात मयत झालेल्या वर्षी माती पडलेली नसते, आणि गळती लागली तर एका वर्षात दोनदा पडते.

आता वजन. चिखल आणि पांढरी मिळून ४५ सेंटीमीटर. घनमीटरला १६०० किलो धरले तर चौरस मीटरला ७२० किलो. पाच बाय तीन मीटरच्या खोलीवर जवळपास ११ टन, तेही कोरड्या मातीचे. तुलनेला १२ सेंटीमीटरचा काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला ३०० किलो. बाभळीच्या कड्या हे वजन पेलतात, म्हणून कोणाला ते जाणवत नाही. टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे मात्र ओल आणि वाळवी. कडीचं टोक पेचकसाने टोचून पाहायचं. एक सेंटीमीटरच्या वर आत गेला तर कडी गेली. मधून ठणठणीत वाजणारी कडी टोकाला पोकळ असते, फक्त मध्ये ठोकून पाहिलं तर फसगत होते.

१५ फेब्रुवारी २०२५

घर क्र. ११ च्या त्याच छेदात खापरं मिळाली: काळ्या-तांबड्या भांड्याचे तुकडे आणि एक शंखाच्या बांगडीचा तुकडा. गावात लगेच चर्चा झाली की घर हजार वर्षांचं आहे. तसं नाही. पांढरी माती आणली जाते गावाच्या जुन्या टेकाडावरून, आणि ते टेकाड म्हणजे आधीच्या वस्त्यांची राख, शेण, पडक्या भिंती. त्यातली खापरं मातीबरोबर छतावर चढतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या पांढरीतून सातवाहन काळच्या वस्तू निघाल्या हे सगळ्यांना माहीत आहे. लहान गावांची टेकाडंही तशीच बनलेली असतात. भिंतीत किंवा छतात सापडलेलं खापर घराचं वय सांगत नाही, मातीचं सांगतं.

तरीही ते फेकायचं नाही. कुठल्या घरात, कुठल्या थरात हे लिहून पिशवीत ठेवलं आहे. टेकाडावरून जेसीबीने माती उचलणं चालू आहे. एका ट्रॅक्टरच्या खेपेत जे जातं ते पुन्हा वाचता येणार नाही.

८ मार्च २०२५

कुसाबाहेरच्या वस्त्या. पूर्वीचा महारवाडा, आताचं भीमनगर, आणि मांगवाडा. इथे माळवद उशिरा आलं. आधी कुडाच्या भिंती आणि पाचटाचं छप्पर, तेही गावाच्या मर्जीवर. दगडी जोतं करायची मुभा नव्हती असं सगळेच वृद्ध सांगतात. ते नोंदीत त्यांच्याच शब्दांत घेतलं आहे.

कागद जवळपास नाहीत, म्हणून इथे प्रसंगांवरून वर्षं काढायची. माणसं सन सांगत नाहीत, पण पलेग, मानमोडी (१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ), रझाकारी, बहात्तर आणि भूकंप यांच्या आधी की नंतर हे अचूक सांगतात. प्रश्न असा विचारायचा: "रझाकारीत इथं कोण राहत होतं? छत कशाचं होतं?" दोन वेगवेगळ्या घरांतून, एकमेकांसमोर न बसवता विचारून उत्तर जुळलं तरच पत्रकात घ्यायचं. असं करून भीमनगरातली सगळ्यात जुनी उभी भिंत बहात्तरच्या आधीची निघाली. मापं: दोन खण, ५.२ × ३.४ मीटर, भिंत ५५ सेंटीमीटर, एक दार, खिडकी नाही, देवळी दोन. गढीइतकाच सविस्तर नकाशा तिचाही काढला.

२९ मार्च २०२५

३० सप्टेंबर १९९३ च्या खुणा. किल्लारीजवळची ५२ गावं उठून नव्या जागी वसली. हे गाव तिथल्या तिथे दुरुस्ती आणि बळकटीकरणात होतं. त्या कामाच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत, नाहीतर पुढे कोणी त्याला "नंतरची ठिगळं" म्हणून खरवडून काढेल.

भिंतीवर साधारण मीटर-मीटर अंतराने सिमेंटचे गोल ठिपके दिसतात. ते नुसते ठिपके नाहीत. तिथे दगड काढून आरपार भोक केलेलं आहे, आत दोन्हीकडे आकडा असलेली सळई आणि काँक्रीट. बांधीव दगडाचं काम ते करतं. दाराच्या वर आणि छताच्या खाली आडवी सिमेंटची पट्टी असेल तर तिच्यात वेल्डेड जाळी आहे, आतली आणि बाहेरची पट्टी तारेने जोडलेली. खांब-तुळईच्या कोनात तिरपे लाकूड किंवा लोखंडी पट्ट्या हे तिसरं. त्या वेळी माळवदाची माती काढून जाडी वीस सेंटीमीटरवर आणायलाही सांगितलं होतं. जिथे ते झालं तिथे वजन चौरस मीटरला ३२० किलोवर आलं.

एक गोष्ट नकाशांवरून स्पष्ट दिसते. जिथे छत खांबांवर उभं आहे, तिथे भिंती पडूनही खण उभे राहिले. घर क्र. २ च्या तिन्ही भिंती भूकंपानंतरच्या, चौकोनी सिमेंटच्या विटांच्या, पण खांब, हस्त आणि तुळई जुन्याच. जिथे कड्या थेट भिंतीवर टेकल्या होत्या ती घरं आज मोकळ्या जागा आहेत. म्हणून पत्रकात नवा रकाना घातला: छत कशावर टेकलं आहे, खांबावर, भिंतीवर की दोन्हींवर.

१९ एप्रिल २०२५

ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या आकारणीची नोंदवही. दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते आणि घराचं वर्णन लिहिलं जातं: माळवद, पत्रा, स्लॅब. दोन लागोपाठच्या नोंदवह्या शेजारी ठेवल्या की माळवद उतरून पत्रा कधी चढला ते चार वर्षांच्या पट्ट्यात सापडतं. वर्णन कधी कधी मागच्या वहीतून तसंच उतरवलेलं असतं, त्यामुळे पत्र्याच्या खिळ्यांशी आणि घरच्यांच्या सांगण्याशी पडताळा घ्यावा लागतो. बहुतेक पत्रे १९९४ नंतरचे निघत आहेत.

स्वामित्व योजनेच्या (ड्रोनने गावठाण मोजण्याच्या) मिळकत पत्रिका आल्या आहेत. ड्रोनला वरून दिसते ती छताची किंवा भिंतीची बाहेरची कड. सामाईक भिंत कोणाची, बळद कोणाच्या हद्दीत, हे त्यात नाही. जुनं खत आणि पत्रिका यांत फरक असेल तिथे दोन्ही मापं लिहायची, निकाल द्यायचा नाही.

१० मे २०२५

वेशीजवळ पेवाचं, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्याचं, तोंड सापडलं. वरची शिळा सरकवून आत उतरायचं नाही, मोजायलाही नाही. बंद पेवात हवा कोंडलेली असते आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. ओळंब्याने खोली घेतली, ३.६ मीटर, तोंडाचा व्यास ६० सेंटीमीटर. शिळा परत बसवून भोवती दगडांचा कठडा केला.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल घरोघर एकच सांगणं चालू आहे. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर पडत नाही, ती वर चढते आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो. घर क्र. ६ मध्ये गिलावा हाताने सुटून आला, मागची माती ओली पिठासारखी. खालचा एक मीटर गिलावा काढायचा, भिंत एक उन्हाळा वाळू द्यायची, मग चुना किंवा माती-भुशाचा गिलावा.

३१ मे २०२५

मृग आठवड्यावर आला. माळवद शिल्लक असलेल्या घरांना माती टाकण्याआधी जुनी उतरवायला सांगितलं आहे. क्रम महत्त्वाचा: खोलीच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे, थोडी थोडी, आणि काढलेली माती छतावरच ढिगाने ठेवायची नाही. एका बाजूची सगळी काढून दुसरीकडे रचली तर कड्या तिरप्या दाबल्या जातात. खाली पंधरा सेंटीमीटर चिखलाचा थर राहू द्यायचा, त्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर पाच सेंटीमीटर नवी पांढरी. कागद थेट किलचावर अंथरला तर खालच्या लाकडाला घाम येऊन ते कुजतं. उतार परनाळीकडे मीटरला दोन सेंटीमीटर, आणि परनाळीचं तोंड भिंतीपासून किमान ३० सेंटीमीटर पुढे.

घर क्र. ११ चा छेद त्याच क्रमाने भरून घेतला. पाऊस सुरू झाल्यावर लाल खुणेच्या भिंतींचा ओळंबा पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायचा आहे. पहिल्या मापाच्या जागेवर खिळा मारून ठेवला आहे, पुढचं माप तिथेच घ्यावं. सुतार गल्लीच्या दुसऱ्या बाजूची खतं अजून वाचायची आहेत. त्यातली दोन उर्दूत आहेत, ती औशाच्या जाणकारांकडे दिली आहेत.